आत्याला न सांगितलेली नोंद

दोन वर्षं मी आत्याशी खोटं बोललो. एकदाच बोललो असतो तर कदाचित विसरूनही गेलो असतो. मी दर भेटीत नव्यानं बोललो. तिनं विचारायचं, "लागला का काही पत्ता, मास्तर?" आणि मी म्हणायचं, "शोध चालू आहे, आत्या." शोध केव्हाच संपला होता. पत्ता माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात चौघडी घालून पडला होता.

ती माझी सख्खी आत्या नव्हे, वडिलांची चुलत बहीण. माझे आजोबा थोरले आणि तिचे वडील त्यांचे पाठचे भाऊ. पहिल्या महायुद्धात तिचे वडील पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेले, तेव्हा आत्या पाळण्यात होती. काही पत्रं आली, मग ती थांबली. लढाई संपल्यावर टपालानं एक बिल्ला आला. त्याच्या कडेवर वडिलांचा नंबर आणि पलटणीचं नाव कोरलेलं होतं. माणूस आला नाही. आत्याची आई कुंकू लावून वाट बघत राहिली. बेपत्ता माणसाची आमच्याकडे बारा वर्षं वाट बघतात. ती भरल्यावर आजोबांनी मंचरहून भटजी बोलावले, पळसाच्या पानांचा पुतळा करवला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला. त्याच दिवशी आत्याच्या आईच्या बांगड्या फोडल्या.

"पानं म्याच येचली व्हती," आत्या सांगायची. "लगीन झालेलं, तरी मला सासरहून आणली. चुलता म्हनला, लेकीच्या हातची पायजेत. दोन पाट्या भरल्या. बापाला कधी बघितला न्हाई आन् त्याची हाडं म्या गोळा केली, पानांची."

तिचं सासर अवसरी बुद्रुकला. आमचं गाव कळंबच्या पुढे, आणि मी जुन्नरला शाळेत मास्तर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी जाण्याआधी मी एसटीनं मंचरपर्यंत जाऊन तिथून तिच्याकडे एक चक्कर टाकत असे. तिच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता, माझ्या आजोबांचा. तिला त्यांनी वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, तिच्या दोन्ही बाळंतपणांना गाडी जुंपून स्वतः आणायला गेले. फोटोला रोज हार नसे, पण रोज फडक्यानं पुसलेला असे.

पितृपक्षात मात्र ती बापाचं पान वाढायची. भाऊ नाही, म्हणून तीच. भटजी सांगायचे, तोंड दक्षिणेला करा. ही पश्चिमेला करून बसायची. "बसरा तिकडं हाय ना? मग पाणी उलटीकडं कशाला सोडू?"

नव्वद सालानंतर तिला एकाच गोष्टीनं घेरलं. बाप कुठं पडला ते कळलं पाहिजे, आणि जमलं तर त्या मातीला एकदा हात लावला पाहिजे. "तू शिकलेला हाईस. लिव्ह की सरकारला." मी लिहिलं. लष्कराच्या दफ्तराकडून वर्षानं उत्तर आलं की इतकी जुनी कागदपत्रं उपलब्ध नाहीत. मला खरं तर सुटल्यासारखं झालं होतं. पण शाळेतले आमचे ड्रॉइंग मास्तर नगरकडचे, ख्रिस्ती. ते म्हणाले, "राव, पलटणीचं दफ्तर गहाळ होतं, चर्चचं होत नाही. माझ्या पणज्याचा सगळा पत्ता मी पुण्याच्या लष्करी चर्चमधून काढला. नंबर, पलटण, गाव, बापाचं नाव, सगळं."

"तुमचे पणजोबा ख्रिस्ती होते. आमचा माणूस कशाला असेल तिथं?"

"त्या वेळी बसऱ्याहून आलेले जखमी पुण्याच्या इस्पितळात यायचे. पाद्री रोज वॉर्डात फिरायचा आणि कुणाकुणाला भेटला ते लिहून ठेवायचा. बघायला काय जातंय? तुम्हाला काय बाटवणार आहेत होय?"

मी हसलो आणि पुढच्या सुट्टीत गेलो.

चर्चच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. तिथले जुने कारकून चष्म्यावर चष्मा लावून बसत. एक जवळचा, एक लांबचा. त्यांनी आधी मला हात धुवायला लावले, मग वह्या काढल्या. लष्करी वह्या वेगळ्या होत्या: बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. कातडी पुठ्ठा हाताला भुगा लावत होता. इस्पितळाची वही मी दोन दिवस चाळली. काही नाही. तिसऱ्या खेपेला कारकून म्हणाले, "साहेब, आलाच आहात तर बाप्तिस्म्याची पण बघून घ्या."

"त्यात नसणार."

"नसेल तर दहा मिनिटं जातील. पुण्यात दहा मिनिटं रिक्षा शोधण्यातच जातात."

दहा मिनिटं लागलीही नाहीत. नवं नाव एका रकान्यात, पूर्वीचं नाव पुढच्या. बापाचं नाव म्हणजे माझ्या पणजोबांचं. गाव आमचं, तालुका खेड, कारण तेव्हा आंबेगाव खेडमध्येच मोडत असे. धंदा: पलटणीतून अपात्र ठरून सुटलेला शिपाई, सध्या चर्चच्या आवारात माळी. आणि नंबर. बिल्ल्याच्या कडेवरचे आकडे मी आत्याच्या घरी कागदावर उतरवून घेतले होते. मी कागद वहीशेजारी ठेवला. एकेका आकड्यावर बोट ठेवत गेलो, आणि शेवटच्या आकड्यावर पोचेपर्यंत मला मनापासून वाटत होतं की तो चुकावा.

तारीख पुतळा जाळण्याच्या पाच वर्षं आधीची होती.

समासात पाद्रीनं बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा: भाऊ गावाहून आला. दोन तास बोलणं झालं. घरी नेण्यास तयार नाही. गावी पत्र पाठवू नये अशी भावाची विनंती.

मी ते पुन्हा वाचलं. मग कारकुनांना वाचायला दिलं, जणू इंग्रजीचा मास्तर मी नसून ते होते. त्यांनी दोन्ही चष्म्यांतून वाचलं आणि विचारलं, "भाऊ एकच होता?"

"एकच."

"बरं," म्हणाले, आणि न सांगता दफनाची वही काढायला उठले. तिच्यातही ते सापडले. पुतळ्यानंतर अकरा वर्षांनी, छातीच्या विकारानं. पुण्याच्या छावणीतल्या दफनभूमीत, कुठल्या ओळीत तेही लिहिलेलं. पत्नीच्या रकान्यात एका बाईचं ख्रिस्ती नाव, इस्पितळात आया. मुलं नाहीत.

म्हणजे आत्या ओढ्याकाठी पळसाची पानं वेचत होती तेव्हा तिचा बाप पुण्यात झाडांना पाणी घालत होता. आणि तिला पानं वेचायला ज्यानं बोलावलं, त्याला ते ठाऊक होतं.

एसटीत मला बसवेना. जागा होती, तरी मी राजगुरुनगरपर्यंत दांडी धरून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "बसा की राव, तिकीट तेवढंच हाय." आजोबांच्या मांडीवर मी मोठा झालो. जेवताना पहिला घास ते माझ्या ताटात ठेवत. अशा माणसानं दोन तास सख्ख्या भावासमोर बसून काय बोलायचं असतं? आणि घरी परतल्यावर भावजयीच्या कपाळाकडे कसं बघायचं असतं? पाच वर्षं?

मंचरला उतरलो. आत्या ओट्यावर शेंगा फोडत होती.

"गावला का?"

"नाही."

"काहीच न्हाई?"

"वह्या फार आहेत, आत्या. वेळ लागेल."

इतकं सोपं होतं ते. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की या वयात तिला कशाला धक्का द्यायचा. आठवड्यानं सांगितलं की आजोबांचं नाव राखलं पाहिजे, ते जाऊन तीस वर्षं झाली, उत्तर द्यायला नाहीत. पण आज लिहायला बसलो आहे तर सगळंच लिहितो. विहिरीखालचं जे शेत आम्ही अजून कसतो ते तिच्या वडिलांच्या वाटणीचं, ते गेले असं धरून आमच्याकडे आलेलं. बाप जिवंत होता हे कळलं की आत्या काही मागणार नाही, पण तिचा मुलगा विचारेल, ही भीती मला पहिल्याच दिवशी एसटीत वाटली होती. धक्क्याचं आणि नावाचं कारण मी नंतर शोधून काढलं.

ड्रॉइंग मास्तरांना मात्र खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या आजोबांनी पत्र पाठवू नका म्हणून सांगितलं. तुम्ही तेच करताय. फक्त तुमच्याकडे पाद्री नाही लिहून ठेवायला."

त्यानंतर मी दर दोन महिन्यांनी पुण्याला जाऊ लागलो. काम काहीच नव्हतं. त्या वह्यांत आजोबांना सोडवेल असं काही शोधत होतो. दुसऱ्यांदा आले असतील, काही वस्तू घेऊन आले असतील, पाद्रीनं पुढच्या एखाद्या पानावर लिहिलं असेल. काही मिळालं नाही. कारकून आता मला हात धुवायला लावत नसत, पाहून नुसती खुर्ची सरकवत. दफनभूमीच्या फाटकापर्यंत मी तीनदा गेलो. आत गेलो नाही. पहिल्यांदा आत आत्याचा पाय पडायला हवा असं काहीतरी वाटे, आणि आत्याला तर मी सांगत नव्हतो. असा मी फाटकावरून परत फिरायचो.

आणि मधल्या काळात आत्याला मोतीबिंदू झाला. तिला पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच नेलं. तिचा मुलगा बटाट्याच्या काढणीत अडकला होता. ऑपरेशननंतर आठवड्यानं पट्टी काढली आणि आम्ही रिक्षानं स्टँडकडे निघालो. आत्या लहान पोरीसारखी बाहेर बघत होती. पाट्या दिसत होत्या, माणसांचे चेहरे दिसत होते. रिक्षा छावणीतून वळली आणि एका लांबलचक भिंतीच्या कडेनं चालली.

"केवढी झाडं हायती रं! कुनाचा वाडा म्हनायचा ह्यो?"

"सरकारी आहे काहीतरी," मी म्हणालो.

ती त्या झाडांकडे मान वळवून बघत राहिली. मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होतो. आजवर मी जे काही वाईट केलं असेल त्यात ही चार-पाच मिनिटं सगळ्यात वर आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन नको, डॉक्टर म्हणाले. ती खाटेला लागली. मी भेटायला गेलो तेव्हा ती छताकडे बघत होती.

"मास्तर, आता ऱ्हाऊ दे त्यो शोध," ती म्हणाली. "बसरा काय, मला गोठा गाठवंना. उगा तुझी पायपीट."

तिनं मला मोकळं केलं होतं. मी घरी जायला उठलोही होतो. वहिनी, म्हणजे आत्याची सून, चहा घेऊन आली आणि मी पुन्हा बसलो. चहा न पिताच मी सांगायला सुरुवात केली. पिशवीतून तो कागद काढला, कारण तोंडानं क्रम लागेना. नवं नाव, जुनं नाव, नंबर, तारीख, माळी, आया, दफन. समासातली ओळही वाचली. आत्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही.

वाचून झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच.

"किती लांब हाय?"

"पुण्यात. छावणीत."

"म्हंजी डोळ्याच्या दवाखान्याजवळ?"

"तिथंच. त्या दिवशी ती भिंत बघितलीस ना, झाडं होती..."

वहिनीनं तोंडावर पदर घेतला. आत्या म्हणाली, "तुला ठाव व्हतं तवा?"

"हो."

"कवापासनं?"

"आधीच्या वर्षापासून."

"तवा मला नवं डोळं व्हतं. पायबी व्हतं." तिचा आवाज चढला नव्हता. "रिक्षा थांबवली असती तर मी चालत आत गेली असती."

मी म्हणालो की आजोबांचं नाव... घराण्याचं...

"कंच्या घराण्याचं? त्यो न्हवता का घराण्यातला?"

"आजोबांनी असं का केलं ते मलाही—"

"त्याचं मी बघीन. त्यो गेलाय तितं मीबी जानारच हाय, तवा इचारीन. त्यानं लपवलं, पन मला जेवू घातलं, नांदती केली. तू कशापायी लपवलंस? तू काय दिलंस मला त्याच्या बदल्यात? शेंगा खाल्ल्यास आन् गेलास." मग भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, "जा आता. एसटी चुकंल."

शेताबद्दल तिनं शब्द काढला नाही. तिच्या मुलानंही नाही. मी भीत होतो तसं काही झालं नाही, आणि त्यामुळे माझ्याकडे कारण म्हणून काही उरलं नाही.

चार महिने तिनं मला घरात घेतलं नाही. मी गेलो की वहिनी बाहेर येऊन सांगायची, "भाऊजी, झोपल्यात." आतून आत्याचा आवाज यायचा, "झोपली न्हाई म्हनाव. जागी हाय." मी ओट्यावर पाणी पिऊन परत फिरायचो. तरी जात राहिलो. न जाऊन काय केलं असतं ते मला माहीत नाही.

दिवाळीनंतर तिच्या मुलाचा शाळेत फोन आला. "आई म्हनती, मास्तरला सांग, रविवारी पिकअप काढायचाय. वाट त्याला ठाव हाय."

पिकअपमध्ये बटाट्याच्या पोत्यांऐवजी दोन गाद्या टाकल्या होत्या. आत्या मागे आडवी, शेजारी वहिनी आणि मी. भोसरीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. गाडीचा हादरा बसला की कण्हायची आणि मग आपणच म्हणायची, "चालूंद्या, चालूंद्या."

दफनभूमीचं मोठं फाटक बंद होतं, बाजूच्या लहान दारातून माणूस जेमतेम जाईल इतकी जागा. आतेभाऊ गाडी लावायला पुढे गेला. मी आत्याला उचललं. म्हातारं माणूस हलकं झालेलं असतं असं मी नेहमी ऐकत आलो होतो. ती हलकी नव्हती. मोडलेला पाय लोंबू नये म्हणून वहिनी तो धरून शेजारून चालत होती.

रखवालदारानं नकाशा पाहून ओळ दाखवली. शेवटच्या भिंतीलगत, कडुलिंबाखाली. ओळीत अकरा उंचवटे होते. दोन-तीन ठिकाणी लोखंडी क्रूस, गंजलेले, नाव एकावरही नाही. गरिबांची ओळ, रखवालदार म्हणाला, त्यांना दगड बसवला जात नसे.

"ह्यातला कंचा?" आत्यानं विचारलं.

माझ्या मागून रखवालदार हळूच म्हणाला, "कुठला पण दाखवा ना साहेब. म्हातारीला समाधान."

मी तिसरा निवडलाही होता. त्याच्यावर दूर्वा बऱ्या होत्या आणि सावली होती. तिथं तिला बसवता आलं असतं. ती हात लावेल, रडेल, आणि आम्ही घरी जाऊ. शब्द अगदी जिभेवर होता.

"माहीत नाही, आत्या," मी म्हणालो. "वहीत ओळ लिहिलीय. ओळीतला कितवा ते लिहिलेलं नाही."

तिनं माझ्या हातांवरूनच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "खरंच ठाव न्हाई, का परत लपवतूयास?"

"खरंच माहीत नाही."

तिनं मानलं की नाही मला आजही सांगता येणार नाही.

"मग टेकव मला खाली," ती म्हणाली. "पयल्यापासनं."

मी गुडघे टेकले आणि तिला मांडीवर घेऊन पहिल्या उंचवट्याजवळ बसलो. तिनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"काय हाक मारू रं? म्या कधी मारलीच न्हाई."

"आपल्या घरात बापाला दादा म्हणतात."

"दादा," ती म्हणाली आणि मातीवर तळवा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवून उचलला. "चल, म्होरं."

दुसऱ्याला हात लावला. तिसऱ्याला, ज्याच्यावर दूर्वा होत्या, तिथं ती इतरांपेक्षा जास्त थांबली नाही. प्रत्येक ठिकाणी दादा म्हणायची, प्रत्येक ठिकाणी मी बसायचो आणि तिला घेऊन उठायचो. सहाव्यापाशी मला उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"आई, पुरं आता," वहिनी म्हणाली. "भाऊजींना धाप लागलीय. एवढ्यात आलंच की."

"लागूंदे धाप," आत्या म्हणाली. "त्यो म्होरच्यात असला म्हंजी?"

मी भिंतीवरचा हात काढला, तिच्या पाठीखाली घातला, आणि उठलो. अजून पाच राहिले होते.